हँडलवरचा दोरा

राहीने सायकलची नवी फ्रेम खोक्यातून काढली आणि विनेशच्या पुढ्यात न ठेवता दीक्षाच्या पुढ्यात ठेवली. झालं ते एवढंच. पण विनेशला हातातला चहा एकदम कडू लागला.

"दीक्षा, ही अख्खी तू बांधायचीस," राही म्हणाली. "गियरच्या वायरी, ब्रेकच्या नळ्या, सगळं. सागरगडच्या उतारावर सराव करायचाय, आणि मग शर्यतीची निवड चाचणी." एवढं बोलून झाल्यावर तिला विनेश दिसला. "दादा, तुम्ही आहातच म्हणा."

आहातच म्हणा! म्हणजे भिंतीवर कॅलेंडर असतं तसे. विनेश हसला, मान डोलावली आणि उरलेला चहा मोरीत ओतून आला.

तसं पाहिलं तर दुकान ते केवढं! दीक्षाच्या टेबलापासून विनेशच्या टेबलापर्यंत हात लांब केला तर पोचावा. फ्रेम इकडे ठेवली काय आणि तिकडे ठेवली काय, छप्पर एकच, पाटीवर नावही विनेशचंच. पण माणसाला जळायचंच असलं की एवढं अंतर पुष्कळ होतं. शिवाय ही राही काही परकी नव्हती. अलिबागच्या शाळेत जायची तेव्हापासून तिच्या सायकलला विनेशशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. तिची पहिली डोंगरातली सायकल त्यानेच बांधली होती, आणि ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा पेढ्याचा पुडा घेऊन ती घरी जायच्या आधी इथे आली होती.

विनेश थळच्या कोळीवाड्यातला. बाप सदा नाखवा बोटीवर, थोरला भाऊ बोटीवर, आणि ह्याला मात्र बोट किनाऱ्यापासून जरा लांब गेली की उलट्या. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो ही गोष्ट कोळीवाडा अजून चवीने सांगतो. हळदीत, होळीत, कुठेही विनेश दिसला की कुणीतरी "काय रं, खिशात लिंबू हाय ना?" असं विचारणारच. म्हणून त्याने किहीमला जाणाऱ्या रस्त्यावर हे सायकलचं दुकान टाकलं. शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने सायकली द्यायच्या आणि बाकीचे दिवस दुरुस्ती करायची. हळूहळू डोंगरात सायकली पळवणारी मंडळी यायला लागली. डिस्क ब्रेकचं काम असेल तर विनेशकडेच जा, असं पार काशीदपर्यंत लोक सांगायला लागले. त्या एका वाक्यावर विनेश ताठ मानेने जगत होता. बोटीवर तो कुणीच नव्हता, इथे तो सगळ्यांत वरचा होता.

आणि दीक्षाला तर त्यानेच शिकवलं होतं. तिचे वडील रत्नपाल गुरुजी शाळामास्तर. आयटीआय झाल्यावर पोरीला ते स्वतः दुकानात घेऊन आले होते. पोरगी पाना कुठल्या बाजूने फिरवायचा तेही विचारायची, तेव्हा विनेशला केवढं कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बघा, आमची दीक्षा. हात बघा तिचा." ती विचारत होती तोवर सगळं गोड होतं. मग हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले, नंतर थांबलेच, आणि विनेशच्या पोटात दुखायला लागलं.

कळस झाला तो मागच्या वर्षी. राहीच्या जुन्या सायकलच्या फ्रेममधून उतारावर टकटक आवाज यायचा. विनेशने दोनदा तपासून सांगितलं, "तसाच येतो आवाज. चालायचंच." दीक्षाने काही न बोलता आतली वायर बाहेर काढली, तिच्यावर स्पंजची नळी चढवली आणि परत आत घातली. आवाज बंद. राहीने दीक्षाला मिठीच मारली. विनेशने "वा, छान," म्हटलं, पण त्या दिवसापासून राही दुकानात शिरली की तिची नजर आधी कुठल्या टेबलाकडे जाते हे तो बघायला लागला. ती आधी दीक्षाकडेच जायची.

आता ही नवी फ्रेम. हिचं काम वेगळंच होतं. साध्या सायकलच्या वायरी बाहेरून, फ्रेमच्या अंगावरून जातात. कुठे अडकलं, कुठे वाकलं ते डोळ्यांना दिसतं. हिच्यात सगळं आतून. हँडलच्या खाली फ्रेमला बारीक भोकं, तिथून ब्रेकची नळी आत शिरणार, अंधारात चाचपडत पेडलच्या धुऱ्याला वळसा घालणार आणि मागच्या चाकापाशी दुसऱ्या भोकातून डोकं वर काढणार. जुनी वायर असली तर तिच्या शेपटाला नवी बांधून ओढून घेता येते. पण कोऱ्या फ्रेममध्ये वाट दाखवायला जुनं काहीच नसतं.

दीक्षाने घरून कचरा ओढायचं मशीन आणलं. एका भोकात दोऱ्याचं टोक सोडायचं आणि दुसऱ्या भोकाला मशीन लावून तो दोरा ओढून घ्यायचा, असा बेत. दोरा धुऱ्यापर्यंत गेला आणि तिथे रुसून बसला. तिने पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच. तिच्या कपाळावर घाम आला. विनेश आपल्या टेबलावर एका भाड्याच्या सायकलचं पंक्चर काढत बसला होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. मशीन घरघरलं की त्याच्या मनात गुदगुल्या व्हायच्या.

"दादा, इथे वळत नाही हो दोरा," शेवटी ती म्हणाली.

किती दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं! विनेशला उत्तर माहीत होतं. उत्तर त्याच्या जिभेवर आलं, आणि तिथून त्याने ते मागे ढकललं.

"मोबाईलमदी बघ की," तो म्हणाला. "तिकडं गोरे लोक सगला दाखवतात. मी काय, मी आपला पंक्चरवाला."

विनेशने स्कूटरला किक मारली आणि साखळीचं तेल आणायला अलिबागला निघून गेला. दुकानात तेलाचा डबा अर्धा भरलेला होता.

अलिबागेत त्याने उगाच वेळ काढला. बाजारात हिंडला, एका ओळखीच्या दुकानदारासमोर बसून पावसाळ्यात गंजलेल्या चेनवर भाषण दिलं. परत आला तेव्हा दुकानात हसण्याचा आवाज येत होता. राही आली होती. केसर, म्हणजे विनेशची बायको, घरून सोड्यांची खिचडी घेऊन आली होती, आणि तिघी एकाच ताटलीत चमचे घालून खात होत्या. स्टँडवर फ्रेम होती आणि तिच्या मागच्या भोकातून ब्रेकची नळी ऐटीत बाहेर आलेली होती.

"कशी काढलीस?" विनेशच्या तोंडून निघून गेलं.

"वहिनींनी सांगितलं," दीक्षा आनंदाने म्हणाली. "दोऱ्याऐवजी मासे पकडायचा तंगूस घेतला, त्याच्या टोकाला जाळ्याचं शिसं बांधलं आणि फ्रेम उभी-आडवी कलती केली. शिसं आपल्या वजनाने घरंगळत गेलं बघा वळणातून!"

हेच ते उत्तर. नेमकं हेच त्याने जिभेवरून मागे ढकललं होतं. आणि सांगितलं कुणी, तर सायकलच्या सीटवर आयुष्यात कधी न बसलेल्या केसरने.

"मी बोलले, पोरी, जाल्याला आमी शिसं लावतो ते कशाला?" केसर म्हणाली. "जड असला की वाट आपोआप गावते. तुमी शिकवला न्हाय वाटतं हिला?" असं म्हणून तिने विनेशकडे पाहिलं. केसर नवऱ्याला चांगली ओळखून होती.

"शिकवणारच होतो," विनेश म्हणाला.

"दादा, बरं झालं आलात," राही म्हणाली. "आमचं ब्रेकचंच चाललं होतं. तुम्हालाही सांगायचं होतं..."

"तुमी दोघी हायत ना? मंग झालं," असं म्हणून विनेश तेलाचा डबा घेऊन आतल्या खोलीत गेला, आणि त्या निघून जाईपर्यंत फळीवरचे नटबोल्ट या डब्यातून त्या डब्यात ओतत बसला. बाहेरून मधूनमधून "उजवा", "वळण", "तिकडच्या शिबिरात" असे शब्द येत होते. त्याने कान दिला नाही. हट्टाने दिला नाही.

पुढचे काही दिवस तो दीक्षाशी कामापुरतंच बोलला. ती मात्र मान खाली घालून काम करत होती. नळीवर स्पंज चढवला, ब्रेकचं तेल भरलं, त्यातली हवा काढली, गियर लावले. काम इतकं स्वच्छ होत होतं की विनेशला बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. हँडलपासून भोकापर्यंत नळ्यांचे झोक असे सुरेख पडले होते की त्याला कौतुक वाटायचं, आणि कौतुक वाटलं म्हणून राग यायचा. राही रोज एकदा फोन करायची. फोन दीक्षाच्या खिशात वाजायचा आणि विनेशच्या डोक्यात घुमायचा.

अखेर सायकल उभी राहिली.

या दुकानाची एक रीत होती आणि ती विनेशनेच घातली होती. बोटीवर नांगराची गाठ ज्याने मारली त्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने ओढून बघायची, असा सदा नाखव्याचा नियम. बोटीवरून पळून आलेल्या विनेशने तेवढी एक गोष्ट बापाकडून घेतली होती. दुकानात एकाने सायकल बांधली की दुसऱ्याने ती तपासायची. चाकं फिरवून बघायची, दोन्ही ब्रेक दाबायचे, हँडल हलवायचं, आणि सगळं ठीक असलं तर जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याचा तुकडा हँडलला बांधायचा. तो दोरा असल्याशिवाय सायकल उंबऱ्याबाहेर जात नसे. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. कित्येक जण तो दोरा पुढे महिनोन्महिने सोडत नसत.

"दादा, बघता ना?" दीक्षाने विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "एक सांगायचं होतं, राहीताईने ब्रेकचं..."

"मना शिकवतेस काय? बघतो ना मी!" विनेश खेकसला.

दीक्षाचा चेहरा उतरला. ती मागे सरून हात पुसत उभी राहिली.

विनेशने चाकं फिरवली. एक चाक जराही डगमगेल तर शप्पथ. हँडल हलवलं, घट्ट. बोल्ट पाहिले, सगळे बसलेले. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मग त्याने पुढचं चाक हाताने गरगर फिरवलं आणि उजवा ब्रेक दाबला.

चाक फिरतच राहिलं.

त्याने डावा दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्याला मागचा. भाड्याच्या सायकलला तसा, स्कूटरला तसा, आणि राहीच्या आजवरच्या प्रत्येक सायकलला तसाच. उलटं असतं ते परदेशात. विनेशला सगळं लख्ख दिसलं. ही पोरगी मोबाईलवर गोऱ्यांचे व्हिडिओ बघत बसली आणि त्यांच्यासारखेच ब्रेक लावून मोकळी झाली. एवढी हुशार, एवढी स्वच्छ हाताची, आणि चूक केली ती पहिल्या महिन्यातल्या पोरानेही करू नये अशी!

त्याला आनंद झाला. मोठा आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीवरून कुणी गोणी उचलल्यासारखं झालं.

आता फक्त "उलटे बसलेत बघ" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर काय झालं असतं? दीक्षाने जीभ चावली असती, तासाभरात दुरुस्त केलं असतं आणि राहीला काही कळलंही नसतं. विनेशच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र उभं राहिलं. संध्याकाळी राही येईल, अंगणात एक चक्कर मारेल, ब्रेक दाबेल आणि म्हणेल, हे काय, उलटे कसे? मग तो शांतपणे उठेल आणि म्हणेल, "आण इकडं. पोर हाय, चुकायचंच." अंगणात चक्कर मारताना कुणी पडत नाही. फार तर एक हिसका बसेल, आणि राही पुन्हा या टेबलाकडे येईल.

त्याने हिरव्या दोऱ्याचा तुकडा तोडला आणि हँडलला गाठ मारली. गाठ घट्ट बसली.

"बरोबर आहे ना सगळं?" दीक्षाने विचारलं. तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

"दोरा बांधला की," विनेश म्हणाला.

दीक्षाने सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी राही आली ती मित्राच्या जीपमधून, घाईघाईने. "पहाटेच पायथ्याच्या खंडाळे गावाकडून सागरगडावर चढायचंय, आत्ता थांबत नाही," म्हणत तिने सायकल उचलली.

"एक चक्कर तरी मार," विनेश म्हणाला.

"दोरा बांधलाय ना तुम्ही?" राहीने हँडलकडे पाहिलं आणि हसली. "मग कसली चक्कर? दादा, बांधायला दीक्षा आणि बघायला तुम्ही. माझं नशीबच चांगलं." तिने सायकल जीपच्या मागे चढवली. दीक्षाही उद्या डोंगरावर येणार असं दोघींचं ठरलं, आणि जीप गेली.

त्या घटकेला तो बोलू शकला असता. जीप वळणापर्यंत पोचेतोवर नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. पण हाक मारली की पुढचा प्रश्न आलाच असता, मग दोरा का बांधलास? जीप वळणाआड गेली तरी विनेश उंबऱ्यातच उभा होता.

सकाळी केसरने भाकरी वाढली. भाकरीला त्याने हातही लावला नाही.

"काय झाला? दुखतंय काय?" केसरने विचारलं.

"न्हाय."

"पोरीनं सायकल बांधली ती लागली वाटतं मनाला. रागानं तोंड कसा बोंबलासारखा सुकलाय." ती चिडवत होती, पण विनेशच्या कानात ते शिरलंच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सागरगडची वाट होती. सुट्या दगडांची, झाडांच्या मुळांची, एका अंगाला घळ असलेली. असल्या उतारावर वेग आवरायचा तो मागच्या ब्रेकने. राहीचा हात सवयीने डावीकडे आवळणार, आणि डावीकडे आता पुढचा ब्रेक. पुढचं चाक जागीच अडलं की मागचं उचलणार आणि माणूस हँडलवरून फेकला जाणार. असा पडलेला माणूस त्याने एकदा पाहिला होता. तो माणूस पुन्हा सायकलवर बसला नाही.

तो तसाच उठला. स्कूटर त्याने अशी पळवली की खताच्या कारखान्याकडे कामाला निघालेले लोक शिव्या घालत बाजूला झाले. मनातल्या मनात तो देवाला सांगत होता, मी परत असं करणार नाही, तिला चढायला उशीर होऊ दे, टायर फुटू दे, काहीही होऊ दे. खंडाळ्याच्या पुढे वाट संपली तिथे स्कूटर टाकून तो वर धावत सुटला. छाती फुटायची वेळ आली. करवंदीच्या जाळीत शर्ट फाटला. आणि वरून त्याला तो आवाज आला, दगडांवरून येणाऱ्या चाकांचा.

"थांब! राही, थांब!" दोन्ही हात पसरून विनेश वाटेच्या मधोमध उभा राहिला.

झाडांतून सायकल बाहेर आली. राहीने त्याला पाहिलं, अंग मागे टाकलं आणि ब्रेक दाबले. मागचं चाक किंचित सरकलं, धूळ उडाली, आणि सायकल त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर नीट, शहाण्यासारखी थांबली.

"दादा! मरायचंय का तुम्हाला?"

"ब्रेक..." विनेशला धाप आवरेना. "ब्रेक उलटे हायत. तुजे ब्रेक उलटे बसवलेत. दाबू नको."

राहीने हेल्मेट वर केलं. "उलटे? हो, मीच तसे लावायला सांगितले. हिमाचलच्या शिबिरात सगळ्या सायकली परदेशी, उजवीकडे मागचाच ब्रेक होता, माझ्या हाताला आता तेच वळण पडलंय. शिवाय या फ्रेमचं भोक डाव्या अंगाला आहे, उजवीकडून नळी आली तर वळण छान बसतं असं दीक्षा म्हणाली. त्या दिवशी तुम्हाला सांगणार होते, तर तुम्ही आत निघून गेलात."

विनेश मटकन एका दगडावर बसला. वाचली. पोरगी वाचली, आणि चूक तर मुळात नव्हतीच. त्याला हसू यायला लागलं. "असं होय! मना वाटलं, चुकून बसवले. अगं, मी कसा धावत आलो..."

"एवढ्यासाठी थळहून धावत आलात?" राहीचा चेहरा मायेने भरून आला. तिने खाली वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्या एका क्षणापुरतं विनेशला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

तेवढ्यात वरून दीक्षा उतरत आली. पाठीवर हत्यारांची पिशवी होती. तिने शेवटचं बोलणं ऐकलं होतं. ती हसली नाही. काहीतरी जुळवत असल्यासारखी ती आधी विनेशकडे, मग हँडलवरच्या हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला हे कधी दिसलं?"

विनेशला खोटं बोलता आलं असतं, पण कुठलं बोलणार? सायकल काल संध्याकाळपासून त्याच्या नजरेपुढे नव्हतीच. जे दिसलं ते दोरा बांधण्याआधीच दिसलं असणार, हे त्या पोरीला कळलं होतं.

"काल," तो म्हणाला.

राहीने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. सावकाश काढला, पण काढला.

"तुम्हाला वाटलं मी चुकलेय," दीक्षा म्हणाली. "चुकलेय असं वाटलं, आणि तुम्ही गाठ मारलीत?"

विनेशने मान वर केली नाही. आपण जळत होतो, हे त्याला सांगायचं होतं. तू माझ्याहून चांगली झालीस आणि ते मला सोसलं नाही, एवढंच वाक्य होतं. फ्रेममधल्या त्या दोऱ्यासारखं ते पुढे वळेचना.

दीक्षाने पिशवीतून कात्री काढली आणि हँडलवरचा दोरा कापला. मग सायकल आडवी करून ती गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या बोल्टपासून सगळं पुन्हा तपासायला लागली. तिने बांधलेली सायकल, तिलाच तपासायला लागत होती. राही शेजारी उभी राहिली. तिला खाली जायची घाई होती, पण तिने ती केली नाही. दीक्षाने मान डोलावल्यावरच ती सीटवर बसली.

दीक्षाने दुकान सोडलं नाही. कोळीवाड्यात कुणाला काही कळलंही नाही. सोमवारी ती नेहमीसारखी आली, झाडू मारला, अगरबत्ती लावली. विनेशने एक जुनी सायकल दुरुस्त करून उभी केली तेव्हा हाक मारायला त्याची जीभ रेटेना, तर तीच आपण होऊन आली. चाकं फिरवली, दोन्ही ब्रेक दाबले, एक बोल्ट पाव आटा आवळला आणि हिरवा दोरा बांधून दिला. विनेशला एवढं बरं वाटलं की त्याने तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो प्यायलाही.

दुपारी तिची एक सायकल तयार झाली. विनेश हातातलं काम टाकून, हात पुसून बसला. आता हाक येईल म्हणून तो वाट बघत होता.

केसर जेवणाचा डबा घेऊन आली होती. दीक्षाने तिला बोलावलं.

"वहिनी, जरा हे दोन्ही दाबून बघता?"

"मी?" केसर हसली. "मना काय कलतंय त्यातला? ते बसलेत की तिथं."

"तुम्ही दाबा. मी चाक फिरवते. थांबलं नाही तर सांगा फक्त."

केसरचं हसू विरलं. तिने दीक्षाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. काय झालंय ते तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे समजायला तिला वेळ लागला नाही. तिने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. दीक्षाने चाक फिरवलं. केसरने ब्रेक दाबला, वाकून नीट पाहिलं, दुसरा दाबला, पुन्हा पाहिलं.

"थांबतंय," ती म्हणाली. "दोनी थांबतात."

मग दीक्षाने दिलेला हिरवा दोरा तिने हँडलला बांधला. जाळं विणणाऱ्या बाईची गाठ ती, एका झटक्यात बसली. विनेशने पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधत बसला. आजवर त्याने राहीच्या नजरेवरून दीक्षाचा हेवा केला होता. आता त्याला आपल्या बायकोचा हेवा वाटत होता.